दोन वीत खांब

१२ सप्टें.
सहावीचं ग्रीक देऊळ सुरू. प्रदर्शन फेब्रुवारीत. पोरं सहा, खांब सहा. बाजारातून डाळिंबाची रिकामी खोकी आणली. पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलला की आतल्या पन्हाळ्या निघतात, चित्रातल्या खांबांवर असतात तशाच. मी ऐटीत सांगितलं, "प्रत्येकानं दोन वीत उंच करा." कुणाची वीत, ते सांगितलंच नाही. म्हणे बाई!

१५ सप्टें.
व्हायचं तेच झालं. सहा खांब, सहा उंच्या, छप्पर तिरकं. मनीषाचा सगळ्यांत आखूड, दोन बोटं कमी. पोरं फिदीफिदी. "माझी वीत एवढीच हाय, बाई." पट्टीनं मोजून पुन्हा करा म्हटलं. बाकीच्यांनी केले. हिचं आपलं "उंद्या करते". रंग मात्र हिचाच देखणा.

२२ सप्टें.
देवळावर चित्र हवं म्हणून गोष्ट सांगितली. धान्याच्या देवीची लेक पाताळाच्या राजानं पळवली, आई तिला शोधत रानोमाळ हिंडली. पाताळात लेकीनं डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून दरसाल काही महिने खाली जावंच लागतं. आई वर रडते, रान वाळतं.
मनीषा म्हणाली, "आमी बी जातो की दरसाल. काष्टीकडं, ऊस तोडाया."
किती सहज.

६ ऑक्टो.
हंगामी वसतिगृहाचा अर्ज घेऊन तिच्या घरी गेले; आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांना गावात राहून शिकता येतं. तिची आई सुनीता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. म्हणाली, "आमी दोगं फडात. बारक्याला कोन सांभाळंल, बाई?"
मनीषालाच विचारलं, राहशील का? "गोष्टीतली आई लेकीला हुडकीत हिंडली न्हवं? मी हितं ऱ्हायले तर माझी बी हिंडंल."
माझीच गोष्ट माझ्या गळ्यात. अर्ज पिशवीत घालून परत. आणखी बोलायला हवं होतं का...

६ नोव्हें.
दिवाळीनंतर शाळा उघडली. त्यांच्या दाराला कुलूप. सुट्टीतच टेम्पो गेला म्हणे. हजेरीत तिचं नाव घेतलं अन् उगाच थांबले. खांब तसाच, आखूड.

१० फेब्रु.
प्रदर्शन झालं. शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून काल तिचा खांब काढला, पट्टीनं मोजून नवा लावला. छप्पर सरळ. जुना कचऱ्यात. साहेब म्हणाले, "वा, अगदी हुबेहूब!" मीही हसले. लाज वाटते आता.

३ मार्च
मधल्या सुट्टीत सुनीताच्या मोबाईलवरून फोन. मनीषा! "बाई, माझा खांब हाय ना? आल्यावर पट्टीनं करनार हाय." म्हटलं, आहे गं. धडधडीत खोटं.
कधी येणार? "फॅक्टरी बंद झाल्यावर. पन बाई, पप्पा म्हनत्यात, आता बारक्या मोठा झाला, पुढल्या साली मला बी कोयता..." मागून सुनीता ओरडली, "ठिव फोन, गाडी भरायची हाय!" कट. नंतर तीनदा लावला. बंद.

४ मार्च
कचऱ्याचा खड्डा उपसला. सगळं जळून राख.
शाळा सुटल्यावर एकटीच बसले. खोकं भिजवलं, सोललं, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं कमी कापलं. तिच्यासारखा रंग जमला नाही. नवा काढून हा लावला. छप्पर पुन्हा तिरकं. राहू दे.
तिची वीत आता केवढी झाली असेल? आली, तर आधी हात बघीन.