उभ्या बाटलीवरचा शिक्का

माय, आज मी उभ्या बाटलीवर शिक्का मारला. तू समोर असतीस तर हे सांगायची माझी छाती झाली नसती. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून कागदावर तरी लिहितेय.

आमच्या गावातला स्टँडसमोरचा बार बंद करायचा का, यावर बायांचं मतदान होतं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. तुला काय सांगायचं म्हणा, हसनाबादकडे आपल्या गावातलं दारूचं दुकान तूच तर आडवं केलं होतंस. तो दिवस मला अजून दिसतो. तू कपाळभर गुलालानं चुलीपाशी बसली आहेस, बायांसाठी कढईभर शिरा हलवते आहेस आणि कधी नव्हे ती मोठ्यानं हसते आहेस. पुढं बाप प्यायला मोटारसायकलवर भोकरदनला जायला लागला आणि एकदा येताना नालीत पडून पाय मोडून घेतला. मी तुला म्हणाले होते, गावात दुकान होतं तेव्हा निदान चालत घरी यायचा. तू उलथनं उगारलंस. "पाय मोडला तर मोडू दे! गावातले लेकरं रोज पाहून राह्यले ते दिसत न्हाई का तुला? पुन्हा असं बोलशील तर याद राख." पण माझ्या मनातून काही ते गेलं नाही.

आमचा बार तसा घरच्यासारखाच आहे, हेच त्याचं वाईट. यांची तीच खुर्ची, तेच चार सोबती, न मागता समोर येणारे खारे शेंगदाणे. घर पाच मिनिटांवर. मालक यांना जास्त देत नाही, वर मला फोन करतो, "वहिनी, निघाले बरं का, भात टाका." कुठं पडले असतील ही काळजी मला कधीच नसते. पण लेकीची शाळेची गाडी त्याच दारासमोर थांबते आणि बाप आत दिसला की ती मैत्रिणींपुढं मान खाली घालते. धाकटा दीरही यांच्याच टेबलावर बसतो. तो घरी येऊन बायकोवर हात टाकतो. जाऊ आमच्या शेजारीच राहते. या मतदानासाठी तीच दारोदार फिरली, आणि मी तिच्यासोबत फिरले. आडवी बाटली, आडवी बाटली, असं माझ्याच तोंडानं सांगत फिरले.

मत द्यायला आत गेल्यावर मला बापाचा मोडका पाय आठवला. इथलं बंद झालं तर हे वडीगोद्रीला हायवेवर जातील, ट्रकांच्या गर्दीतून गाडी हाणत येतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि शिक्का मारला. थोडक्यात हरलो आम्ही. 'आम्ही' लिहितानाही लाज वाटतेय. जाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "कोन फितूर झाली असंल वो ताई? तिला काय आपले हाल म्हाईत न्हाईत का?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "जाऊ दे, मंग पुन्हा करू," असंही म्हणाले.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही, म्हणून आता खरं लिहिते. हायवेची भीती खोटी नव्हती, पण शिक्का तिनं मारला नाही. हे घरी असले की मिठापासून पदरापर्यंत सगळ्यात खोट काढतात. ते बारमध्ये बसतात ते दोन तास मी आणि लेक पाय पसरून बसतो, काहीबाही बोलून हसतो. ते दोन तास मला सोडवले नाहीत. मग दोघे भाऊ बरोबरच घरी येतात. हे जेवून झोपतात. भिंतीपलीकडून जावेचा आवाज यायला लागतो, आणि मी उठून टीव्ही मोठा करते.