पाटकऱ्याच्या कोंबड्या

फुलंब्री, ६ जानेवारी २०२५

चि. तनुजा हीस आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तेही चुकीचं, म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या पुंडलिकाबरोबर पाठवतो. तो रोज कामाला शहरात जातो, गारखेड्यात तुझ्या खोलीवर टाकील.

तुझ्या प्रयोगाच्या चोवीस कोंबड्यांनी माझं डोकं उठवलं आहे. पायात निळी रिंग असलेल्या पोटभर खातात आणि जाळीपलीकडं लाल रिंगवाल्या त्यांच्याकडं बघत बसतात. बारा गावरान, बारा गिरिराज जातीच्या, पण भुकेले डोळे सगळ्यांचे सारखे. लाल रिंगवालीला निम्मं म्हणजे निम्मंच, असं तू बजावलंस. मी एक दाणा वर टाकलेला नाही. तुझी आई म्हणते, कोंबडीचं रक्त तपासून पोरीला काय मिळणार? माझी शाळा चौथीपर्यंत, मी काय सांगू? पण कुणा एकीवर अन्याय होणार नाही, एवढं बघतो. लंगडी गावरान दिवसभर माझ्या पायाशीच असते. तू वेळेवर जेवतेस ना?

तुझा आबा, सांडू

गारखेडा, ७ फेब्रुवारी

ती. आबांना तनूचा सा. न. वि. वि.

रविवारी नेलेल्या रक्ताचे आकडे आले. गावरान आणि गिरिराज यांच्यात फरक दिसतो. पण पोटभर खाणाऱ्या आणि निम्म्यावर ठेवलेल्या कोंबड्यांत काडीचा फरक नाही. हिमोग्लोबिन सारखं, लाल पेशी सारख्या. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, आजोबांच्या घरी प्रयोग ठेवला की असंच व्हायचं. प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे, नाहीतर वर्ष गेलं. आबा, खरं सांगा, तुम्ही लपून दाणे टाकता ना? मी रागावणार नाही. हे खोटं आहे, रागावणार आहे.

तुमची तनू

फुलंब्री, ९ फेब्रुवारी

चि. तनू, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. सरांना सांग, सांडू पाटकऱ्यानं चौतीस वर्षं पाटाचं पाणी वाटलं, कुणाच्या वावरात घटकाभर जास्त सोडलं नाही. दाण्याचंही तसंच. माप तुझंच, डबा तुझाच.

फक्त दर सोमवारी मी रिंगा बदलल्या. लाल होत्या त्यांना निळ्या, निळ्या होत्या त्यांना लाल, आणि या बाजूच्या कोंबड्या त्या बाजूला. आठ दिवस हिनं पोटभर खायचं, आठ दिवस तिनं. पाण्याची पाळी अशीच असते, अगदी शेवटच्या शेताचाही वार ठरलेला असतो. त्याच त्या कोंबड्यांनी कायम अर्धपोटी राहायचं, हे कोणत्या पुस्तकात बसतं? कॅलेंडरवर सगळ्या तारखा मांडल्या आहेत, पानं जोडतो. चुकलं असेल तर तसं लिही.

आबा

गारखेडा, ११ फेब्रुवारी

ती. आबा, सा. न.

चुकलं. सगळंच चुकलं. मी भांडी आपटली, खोलीतली अमृता घाबरून बाहेर जाऊन बसली. ज्या अर्धपोटी, त्या शेवटपर्यंत अर्धपोटीच हव्यात, नाहीतर कमी खाण्यानं रक्ताचं काय होतं ते कळणार कसं? तुम्हाला मापं सांगितली, हे कारणच सांगितलं नाही. ती चूक माझी.

कॅलेंडरची पानं सरांना दाखवली. ते बराच वेळ वाचत होते. आकडे बनवलेले नाहीत, एवढं त्यांना पटलं. जूनपर्यंत मुदत दिली आहे. आता पंधरा दिवस सगळ्यांना पोटभर द्या, मग पहिल्यापासून. कुणाला कोणती रिंग ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. गावरानांच्या वेगळ्या, गिरिराजांच्या वेगळ्या. काढायच्या तुम्हीच. त्यानंतर रिंगांना हात लावायचा नाही.

तनू

फुलंब्री, १० मार्च

चि. तनूस आशीर्वाद. वि. वि.

चिठ्ठ्या काढल्या. लंगडीला लाल आली. परत काढावी असं लई वाटलं. तुझी आई बघत होती, पण ती नसती तरी काढली नसती.

आज सोमवार. हात खिशात घालून बसलो आहे. लंगडी रिकाम्या भांड्यात चोच मारते आणि माझ्याकडं बघते. तिला कारण कसं सांगू? परवापासून मी तुझ्या आईला अर्धीच भाकरी वाढायला सांगितली आहे. ती म्हणाली, आबा, तुमच्या पायात कुणी रिंग घातली?

मे महिन्यात रक्त काढायला येशील तेव्हा एक बाटली जास्तीची आण. तुझ्या तक्त्यात माझीही एक ओळ मांड. वय सत्त्याहत्तर, जात गावरान, खाणं निम्मं.

लोभ मात्र मापून देऊ नको.

तुझा आबा