गाव मैदानावर उतरलं

२५ जून १९९४, शनिवार

आलो बाई एकदाचे! जामच्या चौरस्त्यावर एसटीतून उतरलो आणि पुढे बैलगाडी. आचलने गाडीवानाला इतके प्रश्न विचारले की त्या बिचाऱ्याने शेवटी बैलांशीच बोलायला सुरुवात केली. पोरगी पाच वर्षांची, पण तोंड पन्नास वर्षांचं. नीलेशची नोकरी वर्ध्याला कापसाच्या जिनिंगमध्ये, त्यामुळे तो तिकडेच राहणार. दर रविवारी आम्हा मायलेकींकडे येईन म्हणालाय, पाहू.

गाव टेकाडावर आहे, टुमदार. शाळा एका खोलीची. मी आणि फळा, एवढाच काय तो स्टाफ. राहायला सरपंच मधुकररावांच्या घरातली एक खोली मिळाली. त्यांच्या आई अनुसयाबाईंनी आल्या आल्या आचलचा ताबा घेतला आणि तिला लाकडी माळ्यावर नेऊन ठेवणीतले आवळे दिले. मी मात्र आधी भिंती पाहिल्या. दगडमातीच्या आहेत, एका कोपऱ्यात चीरही आहे. किल्लारीच्या भूकंपापासून ही सवयच लागली आहे. तरी घर मला आवडलं.

३ जुलै, रविवार

नीलेश आला आणि शाळेच्या भिंतीवरची चित्रं बघून हसला. भूकंप झाला तर काय करायचं याचं शिबिर मी वर्ध्याला केलं होतं, तिथली चित्रं आणून इथे लावली आहेत. मुलांकडून सरावही करून घेते. पाट्या टाकायच्या, बाहेर पडायचं, भिंती आणि झाडं टाळून मोकळ्यावर धावायचं, तिथे पालथं पडायचं. गणितापेक्षा हे त्यांना फार आवडतं. मोकळी जागा म्हणजे टेकाडाखाली, नदीकाठी, जिथे शंकरपटात बैल पळवतात ते मैदान. किल्लारीनंतर घाबरून सगळं गाव महिनाभर तिथेच झोपलं होतं. तेव्हाचे टिनाचे आडोसे अजून उभे आहेत. मधुकरराव म्हणाले, म्याडम, तुमी तं गावाले शिस्त लावून राह्यल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नीलेश थट्टा करतो, पण जपून करतो. किल्लारीच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. दात शिवशिवत होते, छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटत होतं. काहीतरी येतंय एवढंच कळत होतं. मी कुणाला उठवलं नाही, कारण हसतील अशी भीती वाटली. सकाळी रेडिओवर बातमी ऐकली. आता पुन्हा तसं झालं तर गप्प बसायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय.

११ जुलै, सोमवार

पाऊस जो दडी मारून बसलाय तो बसलाच आहे. नदी गुडघ्याइतकी, पोरं हसतखेळत पलीकडे जातात. उकाड्याने जीव नकोसा झालाय.

आज फळ्यावर पाढे लिहिताना दात शिवशिवले. खडू खाली ठेवला तेव्हा थांबलं. संध्याकाळी विहिरीवर पुन्हा तेच. अनुसयाबाईंना आडून आडून विचारलं, तर त्यांनी माझा हातच धरला. तुले बी होते काय, म्हणाल्या. त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, घरात बसवत नाही आणि अंगणातही करमत नाही. काहीतरी येऊन राह्यलं बाई, काय ते समजून नाई राह्यलं. मी म्हटलं, भूकंप. त्यांनी माझा हात हळूच सोडला. मग म्हणाल्या, असंन, तू शिकलेली हायेस.

१४ जुलै, गुरुवार

मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढताहेत, पार आढ्यापर्यंत. कोंबड्या खुराड्यात जात नाहीत, कौलांवर बसून राहतात. शाळेच्या छतात साप निघाला, दुसरा मधुकररावांच्या माळ्यावर. शिबिरात सांगितलंच होतं की जनावरांना आधी कळतं. सगळे जमीन सोडून वर चाललेत. म्हणजे जे काही आहे ते जमिनीतच आहे, याहून स्पष्ट ते काय सांगणार?

आज मधुकररावही हसले नाहीत. त्यांच्या आईने दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही.

१६ जुलै, शनिवार

देवळापुढे गाव जमलं. मी बोलले. घराच्या भिंती मातीच्या आहेत आणि त्या पोरांच्या अंगावर येतील, हे सांगताना मला रडू फुटलं, आणि त्याचाच परिणाम झाला असावा. एकाने विचारलं, पावसापाण्याच्या दिवसांत नदीकाठी काऊन जाऊन राह्यलो आपण? मधुकररावांनी त्याला झापलं. नदीत पाणी कुठी हाय? आपल्या आज्याच्या वक्तापासून काठ चढून आली काय कधी? सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळपर्यंत गाव खाली उतरलं. धान्य, कंदील, पाण्याचे हंडे, म्हाताऱ्यांच्या खाटा, सगळं मी सांगितलं तसं. बैल मात्र उतरेनात. उतार लागतो तिथे पाय रोवून उभे राहिले, मारलं तरी हलले नाहीत. शेवटी त्यांना वरच बांधलं.

१७ जुलै, रविवार

नीलेश आला नाही. जामहून आलेला दूधवाला म्हणाला, तिकडे वर, नदीच्या उगमाकडे धो धो पाऊस आहे, गाड्या अडकल्यात. इथे टिपूस नाही. थोडा इकडेही ये म्हणावं.

दात थांबत नाहीत. जेवताना, बोलताना, सारखं.

दुपारी जमिनीला कान लावला. घुमतंय. खरंच घुमतंय. मधुकररावांनीही ऐकलं. म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत. देवा, यावेळी मी वेळेवर सांगितलं.

१८ जुलै, सोमवार, सकाळ

आचल अंथरुणात नव्हती. वेड्यासारखी धावत वर गेले. अनुसयाबाई तिला घेऊन घरी आल्या होत्या. दोघी माळ्यावर बसलेल्या. आणि आचल आवळे खात होती!

म्हाताऱ्या बाई हात जोडून म्हणाल्या, खाली माहा जीव नाई राहत, मन वरच ओढते, पोरीले इथं राहू दे. मातीच्या भिंतींवरचा तो माळा. पहिल्या धक्क्याला तोच कोसळणार. मी ओरडले. आईच्या वयाच्या बाईवर असं आजवर कधी ओरडले नव्हते. आचल खांबाला घट्ट धरून बसली, मले वरच राहायचं म्हणून. मी तिला ओढून काढलं. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठलेत.

थोड्या वेळाने अनुसयाबाईही काठी टेकत खाली आल्या. पोर खाली तं मी वर राहून काय करू, एवढंच म्हणाल्या.

वाईट वाटतंय. पण पोर डोळ्यांसमोर आहे.

१८ जुलै, दिवेलागण

आवाज वाढला. आता कान लावावा लागत नाही. सगळ्यांना पालथं पडायला सांगितलं. शाळेतली पोरं न रडता पडली, शहाणी माझी बाळं. वर कुणी उरलं नाही, घरोघरी बघून आले.

आचल पोटाशी आहे. तिच्या पलीकडे अनुसयाबाई. कंदील उशाशी ठेवून लिहितेय, हात थांबला की भीती वाटते —

जमीन हलत नाही. नुसता आवाज. जमिनीतून नाही — नदीच्या वरच्या अंगाने येतोय —

बैल हंबरताहेत. एवढे —

चटई ओली झाली. मी आचलवर चिडले, तर ती म्हणते मी नाई केलं. पाऊस नाही. आभाळ कोरडं —

मधुकरराव ओरडताहेत. मैदान आणि टेकाडाच्या मधल्या खोलगटात पाणी भरलंय. वाट दिसत नाही. पाणी. पाणीच होतं ते, मुंग्या, साप, बैल, सगळे मला —

उठा म्हणून ओरडतेय. पोरं उठत नाहीत. भ्यायली की पालथं पडायचं, मीच —

कंदील, वही खाटेवर ठेवली. आचल कडेवर. घोट्याच्या वर आलं —

आचल विचारते, आई, आता वर जाऊ काय? हो म्हणाले. हो, जा, जा म्हणाले. पण वाट —