येताना सात तास

१४ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुम्ही कसे आहात? पिल्लाचा खोकला गेला का? वहिनीला नमस्कार सांग. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला "बघतो" एवढंच उत्तर येतं, म्हणून ही लांबलचक मेल.

हॉस्पिटल चांगलं आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, शेजारची खाट रिकामी. आईनं दोन दिवसांत नर्सला उपदिशा पाठ करायला लावल्या. वायव्य कुठली हे सांगितल्याशिवाय गोळी घेत नाही. भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या, पण तास काही संपला नाही. तू हसशील म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. तिच्या हृदयाची झडप उद्या सकाळी बदलायची आहे. आता थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात. पण आई हटून बसली होती. "तो आल्याशिवाय मी सही करणार नाही." तू दार आपटून गेलास त्याला दोन वर्षं झाली. वहिनीला ती चारचौघांत नको ते बोलली, ते मलाही पटलं नव्हतं. पण ऑपरेशनच्या आधी तिला तुझ्याशी बोलायचं होतं, एवढं मला कळत होतं.

आज दुपारी डॉक्टर पुन्हा कागद घेऊन आले आणि तसेच परत गेले. माझा धीर सुटला. मी तिला सांगून टाकलं, "दादा निघालाय. बाराच्या विमानात बसला. सहाला उतरेल."

हो, धडधडीत खोटं. रागवायचं तर रागव.

तिचा चेहरा इतका खुलला की मला तिच्याकडे बघवेना. केस विंचरून घेतले, चष्मा पुसून मागितला. मग हळूच म्हणाली, "सहाला कसा?"

"सहा तासच लागतात ना. तो गेला तेव्हा तेवढेच लागले होते."

"जाताना. पूर्वेकडून येताना वारा समोरून असतो. सात लागतात." पुसलेल्या चष्म्यातून तिनं माझ्याकडे बघितलं. "सहा ही वेळ त्यानं सांगितली, की तू?"

तिकीट हातात असलेला माणूस ही चूक करणार नाही, हे तिनं ओळखलं.

वाटलं, आता माझी खरडपट्टी काढेल. ती नुसती म्हणाली, "डॉक्टरांना बोलाव. त्याच्या वतीनं तू खोटं बोलायला लागलीस, म्हणजे वाट बघून झाली." आणि सही केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं नीट.

सही हवी होती, मिळाली. तरी मला हायसं वाटत नाहीये. दादा, मला भीती वाटते. तुझी वाट बघण्यावर ती इतके दिवस तग धरून होती, आणि ते मी माझ्या हातानं संपवलं.

आपल्या घड्याळानं आज रात्री दहाला तिकडून एक विमान आहे. या वेळी मी नीट विचारून घेतलंय. पहाटे पाचला उतरशील. तिला आठला आत नेतील. यातलं मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दुसऱ्यांदा तिची फसगत करायची माझ्यात हिंमत नाही.

तेव्हा आता वाट बघणारी एकटीच,

तुझी चिंगी