दोघींच्या दुर्बिणीतला माझा अर्धा वाटा

मी, मिसाओ कुवाबारा, वय अडुसष्ट, राहणार इना खोरे, नागानो प्रांत, पूर्वी सोबा शेवयांचे दुकान चालवणारी व आता घरीच असणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणवत नाही. अशा कागदात आपण कोणाच्याही दडपणाखाली नाही असे लिहायची रीत आहे. मी दडपणाखाली आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे उमे या आंबट फळाच्या बीएवढी गाठ झाली आहे आणि ती त्या नसांना दाबते आहे. माणसांपैकी मात्र कोणी माझ्यावर जोर केलेला नाही.

ती गाठ सोमवारी मात्सुमोतोच्या रुग्णालयात नाकावाटे काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक माणसे आपल्या पायांनी घरी जातात. तो 'बहुतेक' माझ्या कानातून निघत नाही. गेलेली नजर परत येईल का, असे विचारले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

आपल्या कायद्याप्रमाणे असा कागद स्वतःच्या अक्षरात असावा लागतो, म्हणून दिसते आहे तोवर लिहून घेते. ओळी कडेला घसरल्या असतील, तर त्यावरून माझे डोके फिरले असा अर्थ कोणी काढू नये. कागदाच्या कडा मला दिसत नाहीत.

कलम पहिले. राहते घर, मागचे पर्सिमनचे झाड आणि टपाल कचेरीतली सर्व बचत माझी मुलगी चिहाया हिला मिळावी. चिहाया नागोयाला असते. ती घर विकेल हे मला ठाऊक आहे. विकावे. फक्त झाड तोडणाऱ्याला विकू नये.

कलम दुसरे. शेवया कापायचा सुरा, लाकडी परात आणि तिन्ही लाटणी शेजारीण शिनो कुमागाई हिला द्यावीत. माझे यजमान शिगेकी हयात असताना त्या सुऱ्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आता ते रागावायला नाहीत आणि सुरा गंजतो आहे.

कलम तिसरे. माझे धाकटे दीर तामोत्सु यांनी टायरच्या गॅरेजवर पांढरा दिवा लावला, त्याला नऊ वर्षे झाली. गिऱ्हाईक संध्याकाळी पाचला संपते, दिवा उजाडेपर्यंत जळतो. आमच्या अंगणातून दक्षिणेकडचे अर्धे आकाश त्यात बुडाले. मी सांगायला गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तारे काय पळून चाललेत? आणि अंधारात चोर आले तर तुमचा शनी येणारे का धावून?" त्यांना माझ्याकडून दिव्यावर बसवायची पत्र्याची टोपी मिळावी. ती मी करवून ठेवली आहे, कोठीत आहे. चिहायाने स्वतः उभे राहून बसवून घ्यावी.

कलम चौथे, ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले. नोबुए हिराइवा आणि मी मिळून एक भिंगाची दुर्बीण घेतली आहे. तिच्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो का व कसा द्यायचा हे कळण्यासाठी ती कशी घेतली हे सांगणे भाग आहे.

नोबुए माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. ती आकाशाचे फोटो काढते, मी डोळा लावून बघते. तिच्या मते मला जे दिसते ते धुरकट असते, माझ्या मते तिने काढलेले तिने स्वतः कधी पाहिलेलेच नसते. दोघींच्या जुन्या दुर्बिणी एकदमच निकामी झाल्या, तेव्हा ठरले की यापुढे एकच चांगली घ्यायची. ऑक्टोबरात बसने नागोयाला गेलो. दुकानदार तोकुजी ओगिसो यांनी भर दुपारी गच्चीवर तीन दुर्बिणी मांडल्या आणि दूरच्या डोंगरावरच्या विजेच्या खांबावर रोखल्या.

"बाई, डोळ्यानं बघायचं तर ही लांब घ्या," ते म्हणाले. "ग्रह मोठा नि रेखीव दिसेल. पण वाऱ्यात डुलते, कॅमेऱ्याला चालायची नाही. फोटोच काढायचे तर ही आखूड, तीन भिंगांची. हलकी आहे, उजेड पटकन पकडते, रंग फाटत नाहीत. पण डोळ्याला चित्र बारीक. दोन्ही हवं असेल तर ही मधली. दोनच भिंगं, पण एक खास काचेचं. कॅमेऱ्यासाठी मागे एक जोडभिंग लावायचं, म्हणजे कडेचे तारेसुद्धा गोल येतात. मात्र दोघींनी थोडं थोडं सोसायचं."

"ते आम्ही चाळीस वर्षं करतोय," नोबुए म्हणाली.

मी आधी लांब दुर्बिणीला उजवा डोळा लावला. खांबाच्या आडव्या दांड्याचा उजवा हात दिसेना. तिथे राखाडी काहीतरी होते, काच ओल्या बोटाने पुसल्यासारखे. "अहो, हिचं भिंग तिरकं बसलंय," मी म्हटले. ओगिसो यांनी पाहिले आणि दुसरी पुढे केली. आखूड घेतली. तेच. मधली घेतली. तेच. मी चिडले. "तिन्ही तुमच्या हातून पडल्यात का हो?"

नोबुएने मला बाजूला केले आणि बघितले. "दिसतोय की उजवा हात. वर कावळा बसलाय." मग ती माझ्याकडे वळली. "मिसाओ, दुसऱ्या डोळ्यानं बघ."

मी डावा डोळा लावला. उजवा हात जागेवर होता, कावळ्यासकट. डावा नव्हता.

दुर्बिणीचा दोष असता तर त्याने डोळ्याबरोबर जागा बदलली नसती. हे तिथे तिघांनाही कळले. ओगिसो यांनी खोके पुढे सरकवले, त्यावर मी बसले. परतीच्या बसमध्ये नोबुएने माझा हात धरून ठेवला. आम्ही हात धरणाऱ्यांतल्या नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून माझी भीती गेलेली नाही. चहा पेल्याबाहेर सांडतो. माणूस बाजूने येऊन एकदम समोर उभे राहते. जन्मभर गावाचे दिवे मालवत फिरणारी मी आता उशाशी दिवा लावून झोपते, कारण अंधारात जाग आली तर हा अंधार खोलीचा की माझा, हे कळत नाही. मरणाला मी घाबरत नाही असे लिहिणार होते. ते खरे नाही. मरणालाही घाबरते.

गाठ कळल्यावर चिहाया म्हणाली, "आई, दुर्बीण कसली घेतेस आता? ऑपरेशन होऊ दे, मग बघू."

"मग बघू म्हणजे? मग बघता येईल का, तेच तर माहीत नाही," मी म्हटले. ती रडली. मला तिला रडवायचे नव्हते.

नोबुए मात्र हट्टाला पेटली. लांब घ्यायची म्हणाली, मला बघता यावे म्हणून. मी म्हटले, आखूड घ्यायची, मागे तू राहणार आहेस. उभ्या आयुष्यात आम्ही पहिल्यांदाच एकमेकींच्या बाजूने भांडलो. "मरणार असल्यासारखं बोलू नकोस!" ती ओरडली. "मग तू मी आंधळी होणार नसल्यासारखं बोलू नकोस," मी ओरडले. शिनो भिंतीपलीकडून "अगं, हळू!" म्हणाली. शेवटी मधली घेतली.

तर माझा अर्धा वाटा नोबुएला मिळावा. अट एकच: आभाळ मोकळे असेल तेव्हा दिवेलागणीनंतरचा पहिला तास कॅमेरा लावायचा नाही. जो कोणी अंगणात येईल त्याला डोळा लावू द्यायचा. तामोत्सु आले तर त्यांनाही.

कलम पाचवे. मी जगले पण नजर गेली, तर हे मृत्युपत्र लागू होत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. मी आहे असेच धरावे. माझ्यासमोर हळू आवाजात बोलू नये. काय दिसते आहे ते मला नोबुएने सांगावे, आणि उगाच सुंदर करून सांगू नये.

कलम सहावे. मी गेले तर शिगेकींशेजारी ठेवावे. जास्त फुले नकोत.

काल दुपारी ओगिसो स्वतः गाडीने दुर्बीण घेऊन आले. अंगणात उभी केली. पूर्वेच्या डोंगरावर दिवसाचा चंद्र आला होता, फिकट. ते आणि नोबुए म्हणाले, पहिला मान माझा. मी डोळा लावला. चंद्र अर्धाच होता. कडेला खड्ड्यांच्या सावल्या इतक्या रेखीव, की बोट कापेल असे वाटावे. आणि पलीकडे काही नाही. तो खरेच अर्धा आहे, की उरलेला माझ्यापुरता गेला, हे मला समजेना. एरवी मला तिथी तोंडपाठ असते. त्या क्षणी एकही आठवेना. विचारायची हिंमत होईना. मी तशीच वाकून राहिले.

नोबुएने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आज अर्धाच आहे गं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच."

हे सर्व मी वाचून पाहिले, जिथे दिसले नाही तिथे शिनोने बोट ठेवून दाखवले. कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, कारण हे एकटीने लिहवत नव्हते. ओगिसो काल गावातच मुक्कामाला राहिले होते. नोबुएला वाटा मिळणार असल्याने तिची सही घेतलेली नाही. ती चहा करते आहे.

सही व ठसा: मिसाओ कुवाबारा

साक्षीदार: शिनो कुमागाई, शेजारीण
साक्षीदार: तोकुजी ओगिसो, दुकानदार, नागोया

स्थळ: राहते घर, इना खोरे
दिनांक: २९ नोव्हेंबर, रेइवा सातवे वर्ष (इ. स. २०२५)