पुठ्ठ्याच्या गोलकीपरला रंग कोणता?

प्रिय सैदालिक्का यांस, कडवत्तूरहून तुमची भावजय रुखिया हिचा सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही शारजात बरे असाल. गुडघा आता जिने चढू देतो का? जमीलात्तांची साखर उतरली का? (त्यांनी चहातली साखर सोडून हलवा धरलाय असं मुजीब सांगत होता, म्हणून विचारते.) सुट्टीवर आलेला मुजीब उद्याच्या विमानाने परत तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि केळ्याचे वेफर देते आहे. वेफर कमी भरले तर त्याला बोलू नका, पत्र अख्खं पोचलं म्हणजे झालं. फोनवर बोलण्यासारखी ही गोष्ट नाही. तुमचा फोन आला की सून तो मोठ्या आवाजात लावते आणि भिंतीपलीकडून चहावाला वीरान उत्तरं देतो.

आधी मुद्द्याचं सांगते. तुमचे धाकटे भाऊ, अल्लाह त्यांना जन्नत देवो, येत्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अर्धे अर्जेंटिना आणि अर्धे ब्राझील होणार आहेत. तसं होऊ नये म्हणून मी सगळ्या गावाशी वाकडं घेतलंय.

सुरुवात मी सांभाळते त्या वाचनालयात झाली. आमचे सेक्रेटरी सुधाकरन मास्तर मला म्हणाले, "रुखियात्ता, वर्ल्ड कप येतोय. रविवारी पोरांना काहीतरी हस्तकला शिकवा, नाहीतर ती पुस्तकांच्या कपाटावर गोल मारतात." मी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले तेव्हा माझा मुलगा पाचवीत होता, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हापासून वाचनालयात जे सापडेल ते वाचत आले (मधमाश्या पाळण्याचं पुस्तकसुद्धा, आणि मी मधमाशी दिसली की घरात पळते), त्यामुळे मला सगळं येतं असा लोकांचा समज झालाय. कागदकामाच्या एका पुस्तकात मला बोटांचा खेळाडू सापडला. पुठ्ठ्याचा वीतभर माणूस कापायचा, पाय कापायचेच नाहीत, कमरेखाली दोन भोकं पाडायची आणि त्यातून दोन बोटं बाहेर काढायची. तेच त्याचे पाय. चॉकलेटच्या चांदीचा बॉल. पोरं एक दिवस छान खेळली. दुसऱ्या दिवशी ते खेळाडू वीरानच्या चहाच्या दुकानात पोचले आणि तिसऱ्या दिवशी न्हावी कुंजाप्पूचं मधलं बोट वीरानने आडव्या टॅकलमध्ये मुरगाळलं. नेमकी तेव्हा कुंजाप्पूने मास्तरांची दाढी अर्धी करून ठेवली होती, "एक गोल मारून आलोच" म्हणून. वैद्यांनी बोटाला तेल लावून बांबूची कामटी बांधली. आता तो गावभर ते बोट उभं धरून फिरतो आणि ज्याला भेटेल त्याला राग येतो. मास्तर दोन दिवस सगळ्यांशी एकाच बाजूने बोलत होते.

म्हणून मी ठरवलं, रंगवण्यात कुणाची हाडं मोडणार नाहीत. रंगवायला एक चित्र हवं. पण कुणाचं? गाव निम्मं अर्जेंटिनाच्या बाजूचं, निम्मं ब्राझीलच्या, कुठलाही मोठा खेळाडू काढला की निम्मी पोरं उठून जाणार. तेव्हा मला पेटीतला तो काळा-पांढरा फोटो आठवला. धान कापलेल्या शेतातल्या मैदानावर तुमचे भाऊ हवेत आडवे झालेत, दोन्ही हात पुढे, बॉल बोटांच्या टोकांना लागतोय, आणि मागे बांबूच्या गॅलरीत तुम्ही तोंड उघडून उभे. (तुम्हाला मी वगळलं, रंगवायला तोंड फार होतं.) खिडकीच्या काचेवर फोटो धरून नुसत्या रेषा उतरवल्या आणि प्रती काढून वाटल्या. मला वाटलं, हा खेळाडू कुठल्याच देशाचा नाही, यावरून कोण भांडणार?

वीरान अर्जेंटिनाचा. त्याने त्याच संध्याकाळी दुकानातले सगळे पिवळे खडू विकत घेतले, म्हणजे एकही गोलकीपर ब्राझीलचा व्हायला नको. ब्राझीलवाला नासर, तो मासळीवाला, त्याने पहाटे निळे उचलले. मग पोरं घराघरातून हळद आणि कपड्यांची नीळ घेऊन आली. सैदालिक्का, चार दिवस कडवत्तूरमध्ये माशाचं कालवण पांढरं शिजलं. नासरची बायको दारात येऊन म्हणाली, "तुमच्या गोलकीपरने आमची हळद खाल्ली!" मी म्हटलं, "मग नीळ घाल, तुझ्याकडे ती तरी शिल्लक आहे." वाचनालयाच्या व्हरांड्यात दोरीवर चित्रं लावली तेव्हा तुमचे भाऊ ओळीने वाळत होते, काही पिवळे, काही निळे पट्टेवाले, आणि पोरांनी रंग गुळाच्या पाण्यात कालवल्यामुळे त्यांच्यावर मुंग्या. फक्त फिदाने, म्हणजे कुंजाप्पूच्या नातीने, गवत रंगवलं, केस रंगवले, बॉल रंगवला आणि शर्ट कोरा ठेवला. का, तर म्हणाली, "याचा शर्ट कुठला होता ते तुम्ही सांगितलंच नाही."

त्यातच पोरांनी फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा चिकटवून तोच खेळाडू आठ फुटी केला, गावच्या नाक्यावर लावायला. तो आहे आडवा, पण आडवा व्हरांड्यात मावेना, म्हणून मास्तरांनी उभा केला. त्यामुळे दोन्ही हात वर करून तो पोलिसांना शरण आल्यासारखा दिसतो. वाचायला येणारे त्याच्या बोटांना छत्र्या अडकवतात. तुमच्या भावांना आयुष्यभर कुणाला नाही म्हणता आलं नाही, आताही छत्र्या धरून उभे आहेत. मी संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी सगळ्या छत्र्या काढून ठेवते.

रंगाची सभा झाली. मास्तरांनी तोडगा काढला, डावी बाजू अर्जेंटिना, उजवी ब्राझील. नासर म्हणाला, "बॉल डाव्या हाताला लागतोय, डावी आमची." वीरान म्हणाला, "तुमच्या गोलकीपरच्या हाताला बॉल कधी लागलाय रे?" खुर्च्या उचलल्या गेल्या तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, त्यांना स्वतःची जर्सी होती. जन्मात दुसऱ्याची घातली नाही, आता का घालतील? मास्तर म्हणाले, "रंग कोणता होता, रुखियात्ता?" मी म्हटलं, "मला नाही माहीत तर कोणाला? शुक्रवारी सांगते." खुर्च्या खाली आल्या. शुक्रवारपर्यंत मी रंग सांगितला नाही तर अर्धा-अर्धा, असं ठरलं.

म्हाताऱ्यांना विचारायची सोय नाही. टीम लाल होती हे सगळ्यांना आठवतं, पण गोलकीपरचा रंग वेगळा असतो. कुंजाप्पू हिरव्याची शपथ घेतो, नासरचे वडील जांभळ्याची, आणि मशिदीशेजारचे कोयाक्का म्हणतात की त्यांच्या अंगात शर्टच नव्हता. फिदा रोज येऊन विचारते, "ठरला का?" मी म्हणते, ठरलेलाच आहे, शुक्रवारी ये.

एवढंच. जमीलात्तांना सलाम, पोरांना दुवा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भावजय,
रुखिया

ता. क. तिकडून कुणी येणारं असेल तर मेणखडूंचा एक मोठा डबा पाठवा. दुसरं काही नको.

ता. क. दुसरा : खडू राहू द्या. मला तो रंग माहीत नाही. आमच्या वेळी बायका मैदानावर जात नसत, मी त्यांना खेळताना कधी पाहिलंच नाही. घरात बसून ओरडा ऐकायचा आणि तो कसला हे ते परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि माझ्या धुण्यात ती जर्सी आली तोवर तिचा रंग पार उडालेला होता. किती वर्षं धुतली, पण रंग म्हणाल तर पाण्यासारखा. तुम्ही त्या फोटोत मागे उभे आहात. तुम्ही पाहिलाय. शुक्रवारच्या आत फोन करा आणि नुसतं रंगाचं नाव सांगा. सुनेला वाटेल, तुम्ही माझ्यासाठी कापड घेताय.

ता. क. तिसरा : तुम्हालाही आठवत नसेल तर तसं सांगू नका. कुठलाही एक रंग ठामपणे सांगा, मी तोच खरा मानेन. फक्त पिवळा नको. तुम्ही ब्राझीलवाले, माझा विश्वास बसायचा नाही.