झाबेताच्या उलट्या फासळ्या

मी, थेओलोगोस स्तामातिओस वारसामिस, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी मासेमारी, राहणार ओर्मोस, बेट सामोस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, उलट बऱ्याच जणांचे सांगणे कानाआड करून. अक्षर हलते आहे ते हात हलतो म्हणून. डोके जागेवर आहे. नोटरीबाई म्हणाल्या की स्वहस्ते लिहिले तर साक्षीदारांची गरज नाही. साक्षीदाराशिवायच्या कागदावर माझा विश्वास नाही, म्हणून मी दोन बोलावले आहेत. त्यांनी फक्त सही करायची आहे, मजकूर वाचायचा नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एक ड्रॉवरमध्ये सापडेल, ते मी मुद्दाम खोटे करून ठेवले होते, ड्रॉवर कोण उघडतो ते बघायला.

कलम १. राहते घर, अंगण व लिंबाची झाडे माझी मुलगी कालिरोई हिला. तळघराच्या खोलीत, जिथे माझे काम चालते, तिथे जावई विसारिओन याने पर्यटकांसाठी न्हाणीघर काढू नये. तो डोंगरातला माणूस, शेळ्यांत वाढलेला. लग्न झाल्यापासून तो त्या भिंतीवर हात फिरवून "दगड चांगला आहे हो बाबा" म्हणत आला आहे. असे म्हणणाऱ्याच्या मनात दगड नसतो.

कलम २. पोस्टातल्या शिलकीतून माझे अंत्यविधी करावेत. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये वाटायचे गोड गहू घरी शिजवावेत. आमचे पाद्री पापा-इरिनेओस यांच्या स्वयंपाकघरात शिजवू नयेत, तिथे बदाम कमी होतात.

कलम ३. मासेमारीची मोठी बत्ती शेजारी पोलिदोरोस याला. ती गेली कित्येक वर्षे त्याच्याकडेच आहे. दिली असे लिहून ठेवतो, म्हणजे निदान चोरीची राहणार नाही.

कलम ४. आता झाबेता.

झाबेता हे माझ्या आईचे नाव आणि आमच्या होडीचेही. वडिलांनी ती याच किनाऱ्यावर बांधली. जुन्या घाटाची, पुढून-मागून दोन्ही टोके निमुळती. मी तेव्हा मालवाहू जहाजांवर होतो म्हणून कागदोपत्री ती धाकटा भाऊ कोसमास याच्या नावावर लागली. परत आल्यावर आम्ही दोघांनी तिच्यावर आयुष्य काढले. नऊ वर्षांपूर्वी कोसमासने मला न विचारता सरकारला परवाना परत केला. परवाना परत केला की होडी मोडावी लागते, असा नियम. धक्क्यावर यंत्र आणून तिचा चुरा केला. मी गेलो नाही. त्या दिवसापासून मी कोसमासशी बोललो नाही. चर्चमध्ये तो पुढे उभा राहतो आणि मी मागे. मागून लक्ष ठेवता येते.

संत निकोलाओसच्या चर्चमध्ये छताला छोट्या लाकडी होड्या टांगल्या आहेत. समुद्रातून जीव वाचून आलेल्यांनी नवस फेडताना वाहिलेल्या. माझाही नवस आहे: मरण्यापूर्वी झाबेता तिथे टांगायची. हातभर लांब, मूळ होडीचे लाकूड आले त्याच डोंगरातल्या पाइनची, फासळीला फासळी तशीच. खोटी झाबेता मला आईच्या नावाने टांगायची नाही. माझ्याकडे आता एवढीच एक इच्छा उरली आहे आणि हात दर आठवड्याला जास्त हलतो आहे. म्हणून पुढचा प्रकार घडला तेव्हा मी गप्प बसलो नाही.

ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते. शनिवारी मी सरसाने बसवलेल्या फासळ्या सोमवारी जागेवर नव्हत्या. पडल्या नव्हत्या, कोणीतरी नीट सोडवून, घासून, टोकांची अदलाबदल करून पुन्हा बसवल्या होत्या. पुढच्या मागे, मागच्या पुढे. मी सगळ्या काढून पूर्ववत केल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हे मी रविवारी प्रार्थनेला गेल्यावर होत होते, एवढे कळायला मला नोटरी लागली नाही.

पहिला संशय अर्थात जावयावर. मी कालिरोईला म्हटले, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझं काम बिघडवून खोली रिकामी होणार नाही."

"बाबा, त्याला सरळ खिळा ठोकता येत नाही. तो तुमच्या फासळ्या काय सोडवणार?"

"तेच. खिळा येत नाही असं दाखवतो."

"आणि मीही त्यात सामील असेन?"

"तुझं नाव मी अजून घेतलेलं नाही."

ती मसुराची डाळ ढवळत राहिली आणि मग इतकी हसली की मला तिच्यावरही लक्ष ठेवावे लागले.

त्या रविवारी निघताना मी तळघराच्या जमिनीवर पीठ भुरभुरले. परत आलो तर पावले उमटलेली. विसारिओन दुपारी झोपला असताना मी त्याचा बूट आणून लावून पाहिला. (तो जागा होता असे तो आता म्हणतो. मग बोलला का नाही?) बूट जुळला नाही, कारण ती बुटाची पावले नव्हतीच. अनवाणी होती. उजवा पाय बाहेर फेकलेला, अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब.

ते पाऊल मी ओल्या फळ्यांवर जन्मभर पाहिले आहे, आणि चर्चमधली त्याची पुढची जागा हल्ली रिकामी असायची ती मी कंबरदुखीवर घातली होती. आमच्यात होडीवर कोणी जोडे घालून चढत नाही. वडिलांनी एकदा बंदराच्या अधिकाऱ्यालाही जोडे काढायला लावले होते. हा माणूस माझ्या दारात आला आणि हातभर खेळण्याला हात लावण्याआधी त्याने जोडे काढून ठेवले. मी तिथे पिठात उभा राहिलो. राग यायला हवा होता. आला तो नीट आला नाही.

पुढच्या रविवारी मी चर्चच्या वळणावरून मागे फिरलो. कोसमास बाकावर बसून कानस चालवत होता.

"किल्ली कुठून आणलीस?"

त्याने मानही वर केली नाही. "आईची आहे. तू कुलूप कधी बदललंस?"

"हात काढ तिच्यावरून."

"दादा, तू तिला उलटी बांधतोयस."

"काय?"

"कणा घासायला घेतलास, तेव्हा फिरवून ठेवलास. दोन्ही टोकं सारखी, तुझं लक्ष नाही राहिलं. पुढचं रुंद पोट मागे गेलंय. अशी टांगली तर आई थडग्यातून उठून येईल. रस्त्यालगतच्या खिडकीतून जाता-येता दिसत होतं. किती दिवस बघत राहायचं?"

"तुला काय ठाऊक तिचं पोट कुठे होतं? तू तर तिला यंत्राखाली घातलीस."

"घातली." कानस खाली ठेवून त्याने खिशातून जाळ्याच्या दोरीचे एक वेटोळे काढले. जागोजागी गाठी होत्या. "आदल्या दिवशी मोजून घेतली. एकेक फासळी."

"एवढी माया होती तर मोडलीस कशाला?"

"मला वाकता येत नव्हतं, तुला उठता येत नव्हतं. तळातून पाणी येत होतं, ते तू मला सांगत नव्हतास आणि मी तुला. विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"आणि ही दोरी इतकी वर्षं खिशात?"

"द्यायला आलो की तू रस्ता बदलायचास."

मी त्याला दोरी ठेवून जायला सांगितले. दोरीला गाठी कोणालाही मारता येतात. तो गेल्यावर मी माळ्यावरून झाबेताची हिवाळ्यात झाकायची ताडपत्री काढली. माझ्या बायकोने ती होडीवर चढून, अंगाबरोबर बेतून शिवली होती. अंगणात पसरून तिच्यावर दोरी लावली. प्रत्येक गाठ शिवणीवर येऊन बसली. दोरी खरी होती, आणि तिच्या मापाने माझ्या फासळ्या उलट्या होत्या. मी चुकलो असे म्हणत नाही; ताडपत्री म्हणते. मग त्या ताडपत्रीवर बसून मी रडलो. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

कलम ५. सबब, छोटी झाबेता, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत, तसेच वडिलांचा रंधा, पटाश्या, गिरमिट आणि तळघराची खोली हयातीपर्यंत वापरण्याचा हक्क, माझा भाऊ कोसमास स्तामातिओस वारसामिस याला देत आहे. त्याने ती पूर्ण करून चर्चमध्ये टांगावी. नाळ, म्हणजे पुढचे टोक, वेदीकडे. पापा-इरिनेओस यांनी ती पर्यटकांना दिसावी म्हणून दाराजवळ हलवू नये. विसारिओनने शिडी धरावी, वर चढू नये. यावर कोणाचीही तक्रार चालणार नाही. कोसमास माझ्या आधी गेला तर काय, असे नोटरीबाईंनी विचारले. तो जाणार नाही. त्याने आयुष्यात सगळे माझ्यानंतर केले आहे, होडी मोडणे सोडून.

साक्षीदार:
आर्गिरो, कॉफीघराची मालकीण (सही)
थ्रासोस, न्हावी (सही, डोळे मिटून केली असे म्हणतो, मला खात्री नाही)

थेओलोगोस स्तामातिओस वारसामिस (सही)
ओर्मोस, सामोस. गुरुवार, ता. १७ मे २०१८.

पुरवणी, त्याच दिवशी, वरील साक्षीदारांसमक्ष. सह्या चालू असताना कोसमास दारात आला. आर्गिरोने त्याला बोलावले होते, मी नव्हे. "मी कुठे सही करू?" म्हणाला. मी म्हटले, "तू करायची नाहीस." "पुन्हा सुरू झालं का?" असे म्हणून तो वळला आणि फाटकापर्यंत गेला. कारण सांगावे तर मजकूर फुटतो, न सांगावे तर तो जातो. आणखी नऊ वर्षे माझ्याकडे नाहीत. म्हणून मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अरे, ज्याच्या नावावर काही ठेवलंय, त्याला साक्षीदार होता येत नाही."

त्याने उघडलेले फाटक परत लावून घेतले. मग म्हणाला, "मग घाई करू नकोस, दादा. अजून फळ्या लावायच्यात. त्या एकट्यानं वाकवता येत नाहीत."

हे त्याने मायेने म्हटले की कामापुरते, याचा तपास करायचा आहे. उद्या सकाळपासून तो दिवसाउजेडी येणार आहे. फळीचे एक टोक मी धरणार आहे, म्हणजे लक्षही राहील.

थे. वारसामिस (सही)